आधी निदान, मग उपाय

यंत्र बिघडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. मनुष्याने घडविलेली प्रत्येक वस्तू केव्हा ना केव्हा झिजते, मोडते वा अडते. परंतु बिघाडांतही प्रकार असतात. जे यंत्र मुळीच चालत नाही, त्याच्याविषयी आपले मत चटकन बनते. ते दुरुस्तीस जाते किंवा अडगळीत पडते. याउलट जे यंत्र चालू होते, क्षणभर आशा दाखविते आणि उंबरठ्यावरच कोसळते, पुन्हा चालू होते आणि पुन्हा कोसळते, ते आपल्या बुद्धीइतकीच आपल्या धीराचीही परीक्षा पाहते. संगणकाच्या बाबतीत हा अनुभव आता घरोघरी आणि कचेरीकचेरीत येऊ लागला आहे. पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते, चक्र फिरू लागते, आणि कामास आरंभ होण्यापूर्वीच सारे काळोखात बुडून पुन्हा ‘श्रीगणेशा’ होतो.

अशा वेळी माणसे काय करतात, हे आम्ही काही वर्षे कुतूहलाने पाहत आलो आहोत. कोणी बटण पुनःपुन्हा दाबीत राहतो, जणू दहाव्या वेळी यंत्रास दया येणार आहे. कोणी ज्याचे नाव आठवेल त्या भागास दोष देतो. आणि बहुसंख्य लोक एकच मंत्र उच्चारतात: ‘फॉरमॅट मारा.’ म्हणजे यंत्राच्या पोटात जे जे साठविले आहे ते सारे पुसून टाका आणि नव्याने संसार मांडा. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: बिघाड कोठे आहे, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे आणि ती लावण्यास बिघडलेल्या संगणकासारखे दुसरे साधन नाही, असे आमचे नम्र मत आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि वर्गात भाषा शिकविणारे; तेव्हा हा विषय आमचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु तर्क हा कोणत्याही एका शाखेची मिरास नाही.

प्रथम संगणक चालू होतो म्हणजे नेमके काय होते, हे थोडक्यात पाहू. या क्रियेस ‘बूट होणे’ असे म्हणतात. आपल्याच बुटाचे पट्टे धरून आपणच आपल्याला वर उचलावे, अशा अशक्यप्राय कल्पनेवरून हा शब्द रूढ झाला; आणि तो समर्पकही आहे. कारण चालू होण्यासाठी संगणकाला एखादा कार्यक्रम हवा असतो आणि कार्यक्रम वाचण्यासाठी तो आधी चालू असावा लागतो. ही अडचण पायरीपायरीने सोडविली जाते. पहिल्या पायरीवर वीजपुरवठ्याची पेटी, जिला कारागीर एसएमपीएस म्हणतात, घरातील विजेचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर प्रवाहात करते. दुसऱ्या पायरीवर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम वास करणारा छोटा कार्यक्रम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. तो स्मृती, म्हणजे रॅम, जागेवर आहे की नाही, पडदा व कळफलक उत्तर देतात की नाही, हे तपासतो. तिसऱ्या पायरीवर तो हार्ड डिस्क शोधून तीवरील एका लहानशा कार्यक्रमाच्या हाती सूत्रे देतो. तो चौथ्या पायरीवर विंडोज वा लिनक्स यांसारख्या प्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो. पाचव्या पायरीवर प्रत्येक भागाशी बोलणारे दुभाषे, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, एकामागून एक दाखल होतात. मग कोठे सहाव्या पायरीवर आपले नाव व परवलीचा शब्द विचारला जातो.

हा क्रम ध्यानी घेतला की अर्धे कोडे सुटते. कारण यंत्र कोणत्या पायरीवर कोसळते, हीच त्याची साक्ष असते. पडदा काळाच राहून नुसते शिट्टीसारखे आवाज येत असतील, तर विंडोजला दोष देणे व्यर्थ. ते अद्याप निद्रिस्तच आहे. संशय रॅमवर किंवा पडद्याच्या कार्डावर घ्यावा. कंपनीचे चिन्ह दिसून डिस्क सापडत नसल्याचा निरोप आला, तर डिस्क आणि तिची वायर पाहावी. चक्र फिरू लागल्यावर संकेतशब्दासह एखादा पडदा आला, जो पूर्वी निळा असे आणि २०२५ पासून विंडोज ११ मध्ये काळा झाला आहे, तर बहुधा एखादा ड्रायव्हर किंवा त्याच्यामागचा भाग बिनसलेला असतो. तो संकेतशब्द न चुकता टिपून घ्यावा. आणि कोणताही निरोप न देता यंत्र एकाएकी मूर्च्छित होत असेल, तर वीजपुरवठा आणि उष्णता या दोहोंकडे लक्ष द्यावे. पंख्यात धूळ साचून तो अडला, तर प्रोसेसर तापतो आणि स्वसंरक्षणार्थ यंत्र स्वतःच बंद पडते. आमच्या गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते, किनाऱ्याजवळ तिच्यात खारेपणाही मिसळतो, आणि विजेचा दाबही खालीवर होत असतो. तेव्हा धातूची टोके काळवंडणे आणि यूपीएसची बॅटरी थकणे, ही येथील नित्याची कारणे आहेत.

आता पद्धतीविषयी. दोष शोधण्याची पद्धत ही पाश्चात्त्यांनीच शिकविली, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. एक गोष्ट असता दुसरी असते, हा अन्वय. ती नसता दुसरीही नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजेच कार्यकारणाचा संबंध मानावा. आयुर्वेदातील निदानपंचकही याच जातीचे आहे. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, म्हणजे कारण, आधीची चिन्हे, प्रत्यक्ष लक्षणे, कशाने आराम पडतो ते, आणि रोग कसा वाढत गेला ते, या पाच अंगांनी वैद्याने रोग ओळखावा. संगणकाचा जाणता कारागीर नेमके हेच करतो. यंत्र केव्हापासून असे वागते? त्यापूर्वी नवे काय बसविले होते? कोसळण्याआधी ते संथ झाले होते काय? काय काढले असता बरे चालते? विंडोजमधील ‘सेफ मोड’ ही तर व्यतिरेकाची तयार सोयच होय. त्यात अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेतले जातात. त्या स्थितीत यंत्र नीट चालले, तर गाभा शाबूत आहे आणि दोष मागाहून जोडलेल्या कशात तरी आहे, असा तर्क बांधता येतो.

या पद्धतीचा एकच कडक नियम आहे: एका वेळी एकच बदल करावा. अधीर मनुष्य रॅम पुसतो, वायर बदलतो, नवी प्रणालीही घालतो. आणि यंत्र चालू झाले तर कशामुळे झाले हे त्यास ठाऊक नसते. दोष परत आला की तो पुन्हा तितकाच अज्ञानी असतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या संगणक-कक्षातील एक यंत्र असेच वारंवार कोसळू लागले. त्यात विद्यार्थ्यांनी टंकलिखित केलेले निबंध होते, आणि गावातील वृद्धांकडून मुलांनी मिळविलेल्या जुन्या कोंकणी-मराठी ओव्यांचा वर्षभराचा संग्रहही होता. सांगणाऱ्यांपैकी काही वृद्ध आता हयात नाहीत. म्हणजे तो संग्रह पुन्हा करता येण्याजोगा नव्हता. सल्ला मात्र ठरलेलाच आला: फॉरमॅट मारा. सुदैवाने नववीतील दोन मुलांनी वही हाती घेतली आणि ‘आधी पाहू या’ असा हट्ट धरला.

त्यांनी पहिले काम केले ते संग्रह वाचविण्याचे. वीज तोडून डिस्क काढली, दुसऱ्या यंत्रास जोडली आणि सारे लेखन उतरवून घेतले. हे झाल्यावरच शोध सुरू झाला. बाहेरून जोडलेले प्रिंटर, पेनड्राइव्ह इत्यादी सारे काढले. तरीही यंत्र कोसळले. कोसळण्याची वेळ दर खेपेस निराळी होती: कधी दहा सेकंदांत, कधी दोन मिनिटांनी. वहीतील ही नोंद महत्त्वाची ठरली. कारण एखादी विशिष्ट फाइल बिघडलेली असती, तर यंत्र बहुधा एकाच जागी अडखळले असते. मग त्यांनी विंडोजपर्यंत जाऊच न देता यंत्र बायोसच्या पडद्यावर थांबविले. तिसऱ्या प्रयत्नात ते तेथेही कोसळले. येथे एक बारकावा आहे, तो विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. यंत्र त्या पडद्यावर टिकून राहिले असते, तर त्यावरून काहीच सिद्ध झाले नसते. कारण तेथे स्मृतीचा अगदी थोडा भाग वापरला जातो. परंतु ते तेथे कोसळले, यावरून विंडोज निर्दोष ठरली. जी आलीच नव्हती, ती अपराध कसा करील? तेव्हा फॉरमॅट मारून केवळ ओव्या गेल्या असत्या, दोष मात्र जागच्या जागी राहिला असता.

यंत्रात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या आणि त्यांच्यासाठी दोन खाचा. दोन्ही पट्ट्यांची टोके खोडरबराने हलकेच पुसून पाहिली. फरक पडला नाही. मग पहिली पट्टी पहिल्या खाचेत एकटीच ठेवली, यंत्र चालले. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत एकटीच ठेवली, यंत्र कोसळले. येथे घाईचा मनुष्य म्हणाला असता, ‘दुसरी पट्टी खराब, नवी आणा.’ पण मुलांनी अदलाबदल केली. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत घातली, तर यंत्र सुरळीत चालले. आणि पहिली, जी निर्दोष ठरली होती, तीच दुसऱ्या खाचेत घालताच यंत्र कोसळले. पट्टी कोणतीही असो, दुसरी खाच वापरली की बिघाड. ती न वापरली की बिघाड नाही. अन्वय जुळला, व्यतिरेकही जुळला. अपराधी पट्टी नव्हती, खाच होती. मग स्मृती तपासणारा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालविला. एकही चूक निघाली नाही. आज ते यंत्र एकाच पट्टीवर, थोडे संथ परंतु स्थिर चालते. खर्च शून्य झाला. ओव्यांचा संग्रह सुरक्षित आहे आणि आता त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या जातात.

हे उदाहरण एका खोलीतील झाले. जगाच्या पाठीवर याच दोषाचे प्रचंड रूप १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा-कंपनीने आपल्या रक्षक कार्यक्रमासाठी एक लहानशी फाइल जगभर पाठविली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि अवघ्या ७८ मिनिटांत मागेही घेतली गेली. परंतु तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली होती. विमानतळ, रुग्णालये, बँका यांची कामे खोळंबली; भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून देण्यात आले. दोष काय होता? कार्यक्रमाच्या एका भागाला २१ वी नोंद वाचावयाची होती. पुरविलेल्या नोंदी मात्र २० च होत्या. नसलेली नोंद शोधण्यास तो स्मृतीच्या निषिद्ध भागात शिरला आणि प्रणालीने स्वतःस थांबविले. हा रक्षक चालू होण्याच्या आरंभीच जागा होत असल्यामुळे यंत्र उठे आणि पडे, उठे आणि पडे. दुरुस्त फाइल दूरून पाठवावी, तर ती घेण्याइतका वेळ यंत्र जागे राहीना. अखेर तंत्रज्ञांना यंत्रायंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ते चालू करून, ती एक फाइल हाताने काढून टाकावी लागली. ज्यांच्या डिस्क कुलूपबंद होत्या, त्यांना ४८ अंकांची किल्ली शोधावी लागली. ती ज्यांनी नीट जपली होती त्यांचे काम लवकर उरकले.

या प्रसंगातून घेण्याजोगा बोध आमच्या मते असा. ८५ लाख यंत्रांपैकी एकही या दोषापायी पुसून टाकण्याची वास्तविक गरज नव्हती. एक फाइल काढणे पुरेसे होते. ती फाइल कोणती, हे ज्यांनी शोधले, त्यांनी जगाचे केवढे नुकसान वाचविले! आणि दुसरे असे की, त्या कंपनीने पुढील महिन्यात दोषाची मीमांसा लिहून प्रसिद्ध केली. दोष दडविला असता तर तो इतर कोणाच्या उपयोगी पडला नसता.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, दुरुस्तीस कारागीर असताना विद्यार्थ्यांनी हे कशासाठी करावे? कारागिराविषयी आम्हांस आदरच आहे; किंबहुना त्याचा खरा आदर तेव्हाच होतो, जेव्हा आपण त्याला लक्षणे नीट सांगतो. ‘चालत नाही’ एवढेच सांगणारा ग्राहक आणि ‘दुखते’ एवढेच सांगणारा रोगी सारखेच. दुसरा आक्षेप धोक्याचा. तो रास्त आहे. म्हणून आमचा आग्रह असा की, वीज तोडल्यावाचून यंत्र उघडू नये, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून आधी धातूच्या सांगाड्यास हात लावावा, वीजपुरवठ्याची पेटी कोणत्याही परिस्थितीत खोलू नये, कारण बंद केल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. आणि शिक्षकांच्या देखत नसेल तर यातले काहीच करू नये. तिसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, तेथे बिघडलेल्या यंत्रास वेळ कोठून आणावा?

या तिसऱ्या आक्षेपास उत्तर देताना आम्हांस आमच्या स्वतःच्या व्यवसायाविषयी बोलणे प्राप्त आहे. वर्गात एखादा मुलगा बीजगणितात वारंवार अडखळतो. आपण काय करतो? त्यास पुन्हा तेच उदाहरण देतो, म्हणजे तेच बटण पुन्हा दाबतो. मग म्हणतो, ‘याच्या डोक्यातच नाही’. म्हणजे ज्या भागाचे नाव आठवेल त्यास दोष देतो. अखेर त्यास मागच्या बाकावर बसवितो. तो कोणत्या पायरीवर कोसळतो, हे आपण किती वेळा पाहतो? कित्येकदा बीजगणित निर्दोष असते. पाचवीतील अपूर्णांकच पक्के झालेले नसतात. आमच्या प्रांतातील पुष्कळ मुलांची घरची भाषा कोंकणी आहे, आमचीही तीच आहे. अशा मुलाच्या मराठी लेखनातील चुका पाहून ‘निष्काळजी’ असा शेरा मारणे सोपे आहे. परंतु त्या चुका नीट मांडून पाहिल्या, तर त्यांत एक व्यवस्था आढळते. तो मुलगा नियम मोडीत नसतो, आपल्या घरच्या बोलीचे नियम पाळीत असतो. हे एकदा उमगले की त्यास काय शिकवायचे आणि काय नाही, हे आपोआप ठरते. खाच आणि पट्टी यांतील भेद माणसांच्या बाबतीतही करावा लागतो: मूल एका बाकावर, एका विषयात, एका शिक्षकापाशी अडखळत असेल आणि दुसरीकडे चांगले चालत असेल, तर दोष मुलातच आहे हे कशावरून? यंत्राला जो न्याय आपण देऊ पाहतो, तो विद्यार्थ्याला नाकारणे कोणत्या शास्त्रात बसते?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक शाळेने एक जुने, बिघडलेले संगणक-यंत्र भंगारात न घालता मुद्दाम राखून ठेवावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून अशी यंत्रे शोधावीही लागत नाहीत. त्याच्याशेजारी एक वही असावी. तीत पाच रकाने आखावेत: दिनांक, काय घडले, कोणत्या पायरीवर घडले, कोणता एक बदल केला, आणि परिणाम काय झाला. आठवड्यातील एक तास पुरेसा आहे. यंत्र दुरुस्त झालेच पाहिजे असा हट्ट नको. वही प्रामाणिक असली पाहिजे, एवढाच हट्ट असावा. ज्या दिवशी ‘आज केलेल्या बदलाने काही फरक पडला नाही’ असे मूल निःसंकोचपणे लिहील, त्या दिवशी त्याने विज्ञानाचा पहिला धडा गिरविला, असे आम्ही समजू.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी उद्या-परवा एखादे यंत्र असे कोसळेलच. त्या वेळी चार गोष्टी करा. जे पुन्हा मिळणार नाही, ते आधी सुरक्षित करा. यंत्र कोठपर्यंत चालते ते पाहून लिहून काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जो कोणी ‘सारे पुसून टाका’ असे सांगेल, त्यास अत्यंत नम्रपणे विचारा, ‘दोष कोठे आहे, हे आपणांस समजले आहे काय?’ उत्तर होकारार्थी आणि सकारण असेल, तर त्याचे ऐका. नसेल, तर वही उघडा आणि पहिल्या पायरीपासून पाहू लागा.